विश्लेषण : हॅमस्टर खरेच मठ्ठ असतो का? मेंदू एक ग्रॅमचा, प्रश्न मात्र पिंजऱ्याचा

दिवसभर झोपायचे, रात्री चक्रावर पळायचे, गालात दाणे कोंबायचे आणि उचलायला गेले की चावायचे. पाळीव हॅमस्टरबद्दल बहुतेक घरांत एवढीच माहिती असते. त्यावरून ‘दिसायला गोंडस, पण डोके नाही’ असा निकालही लागतो. मुंबई-पुण्याप्रमाणे रत्नागिरी, चिपळूणच्या घरांतही हा प्राणी मुलांचा ‘पहिला पाळीव प्राणी’ म्हणून येतो, तो याच समजुतीवर. डोके नाही, म्हणजे जागा कमी चालेल, लक्ष कमी चालेल, बूट ठेवण्याच्या खोक्याएवढा पिंजरा चालेल! गेल्या काही दशकांतले संशोधन मात्र वेगळे सांगते. हॅमस्टरची बुद्धी नेमकी कशात आहे आणि ती मान्य केली तर पाळणाऱ्यांना काय बदलावे लागेल?

हॅमस्टर मुळात आला कुठून?

दुकानात सर्वाधिक दिसतो तो सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर. त्याचे मूळ घर म्हणजे सीरियातील अलेप्पो शहराच्या आसपासचा आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण तुर्कस्तानातील शेतीचा पट्टा. १९३० मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या गव्हाच्या शेतात खोल खणून एक मादी आणि तिची ११ पिल्ले मिळवली. त्याच विद्यापीठातील सॉल ॲडलर यांना काळा आजार या रोगावरील संशोधनासाठी हा प्राणी हवा होता. वाटेत काही पिल्ले दगावली, काही निसटली. उरलेल्या मोजक्या भावंडांपासून प्रयोगशाळेत वंश वाढला. आज जगभरातील घरांत आणि प्रयोगशाळांत असलेले बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच कुटुंबाचे वारस आहेत.

म्हणजे कुत्र्यासारखा हजारो वर्षे माणसाबरोबर राहिलेला हा प्राणी नव्हे. त्याला माणसाच्या घरात येऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्याची गरज आणि अक्कल दोन्ही अजून त्या गव्हाच्या शेतातलीच आहेत. पुढचे सगळे समजून घेताना हा मुद्दा लक्षात ठेवावा लागतो.

महाराष्ट्राशी त्याचा काय संबंध?

मराठी घरात येण्याआधी हॅमस्टर प्रयोगशाळेत होता. करोनाकाळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत म्हणजे ‘एनआयव्ही’त कोव्हॅक्सिन या लशीची चाचणी माणसांवर तिची परिणामकारकता ठरण्याआधी सीरियन हॅमस्टरवर झाली. लस दिलेल्या हॅमस्टरच्या फुप्फुसांत विषाणूचे प्रमाण घटल्याचे या संशोधनात दिसले. ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कोकणात पावसाळा आला की ज्या लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असते, त्याच्या संशोधनातही जगभर हाच प्राणी वापरला जातो, कारण या जिवाणूची लागण त्याला चटकन होते.

गंमत अशी की त्याच्या फुप्फुसांबद्दल, मूत्रपिंडांबद्दल माणसाने बारकाईने माहिती जमवली. त्याच्या वागण्याविषयीही बरेच संशोधन झाले, पण ते पाळणाऱ्यांपर्यंत क्वचितच पोहोचले.

मेंदू केवढा आणि त्यावरून काय कळते?

ब्राझीलच्या मेंदूशास्त्रज्ञ सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या मेंदूतील चेतापेशी मोजल्या. घरातल्या छोट्या उंदराच्या जातीत त्या सुमारे ७ कोटी, हॅमस्टरमध्ये सुमारे ९ कोटी आणि मोठ्या उंदरात सुमारे २० कोटी भरल्या. हॅमस्टरच्या मेंदूचे वजन अवघे एक ग्रॅम. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी असतात.

या आकड्यांवरून यादी लावायची तर हॅमस्टर छोट्या उंदराच्या पुढे आणि मोठ्या उंदराच्या मागे येतो. पण ही यादी फार काही सांगत नाही. मोबाइलमधल्या प्रोसेसरचा वेग कळला म्हणून त्यावर कोणते ॲप चालते हे कळत नाही, तसेच हे आहे. मेंदू कोणत्या कामासाठी घडला, हे पाहावे लागते. हॅमस्टरची कामे तीन : एकट्याने राहणे, दूर जाऊन धान्य शोधणे आणि ते न चुकता बिळात आणून साठवणे. त्याचे ‘हॅमस्टर’ हे नाव जर्मन भाषेतून आले आहे आणि त्याच नावावरून जर्मनमध्ये साठेबाजी करण्याला क्रियापद तयार झाले.

अंधारात घर कसे सापडते?

जिनिव्हा विद्यापीठात आरियान एतिएन यांनी सोनेरी हॅमस्टरवर अनेक वर्षे प्रयोग केले. एका मोठ्या गोल रिंगणाच्या कडेला घरटे, मधोमध धान्य आणि सर्वत्र काळोख. हॅमस्टर घरट्यातून निघतो, वाकडातिकडा फिरत धान्यापर्यंत पोहोचतो, गाल भरतो आणि परतताना जवळजवळ सरळ रेषेत घराकडे निघतो. दिसणाऱ्या खुणा नसताना आणि वासाचा माग उपयोगी पडणार नाही अशी व्यवस्था केल्यावरही त्याला दिशा कळते. कारण आपण किती वळलो, किती चाललो याचा हिशेब तो चालता चालता मेंदूत ठेवतो. आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा आणि पायांच्या हालचाली यांतून हा हिशेब होतो.

कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्यांना याचे यांत्रिक रूप परिचयाचे वाटेल. रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात गाडी शिरली की उपग्रहाचा सिग्नल तुटतो. अशा वेळी दिशादर्शक यंत्रणेला शेवटचे ठिकाण, वेग आणि वळण यांवरून अंदाज बांधावा लागतो. जुने दर्यावर्दीही किनारा दिसेनासा झाला की वेग, वेळ आणि दिशा यांच्या गणितावर गलबत हाकत. या पद्धतीचा दोषही सारखाच आहे. प्रत्येक वळणाला थोडी चूक होते आणि ती साठत जाते. हॅमस्टरचीही साठते. म्हणून ओळखीची खूण दिसली की तो आपला हिशेब तिच्याशी जुळवून घेतो, हेही या प्रयोगांत दिसले. एक ग्रॅमच्या मेंदूसाठी हे काम लहान नाही.

तो ओळख ठेवतो का?

हॅमस्टरची नजर अधू असते. उंचीचा अंदाज त्याला नीट येत नाही, म्हणून टेबलावर सोडलेला हॅमस्टर कडेवरून सरळ खाली पडतो आणि ‘मठ्ठ’ ठरतो. त्याचे जग नाकाचे आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे रॉबर्ट जॉन्स्टन यांनी हॅमस्टरच्या गंधस्मृतीचा दीर्घकाळ अभ्यास केला. शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून येणारे वेगवेगळे वास एकाच प्राण्याचे आहेत, हे हॅमस्टर ओळखीतून जोडू शकतो. माणूस जसा आवाज, चाल आणि चेहरा मिळून एक व्यक्ती ओळखतो, तसेच काहीसे हे आहे. झुंजीत हरलेला हॅमस्टर नंतर सगळ्यांनाच सारखा टाळत नाही. ज्याने हरवले, त्याचा वास तो विशेष टाळतो.

पाळणाऱ्यांसाठी याचा अर्थ साधा आहे. हाताला साबणाचा, माशाचा किंवा दुसऱ्या प्राण्याचा वास असेल तर रोजचा हातही त्याला परका वाटू शकतो. दिवसा गाढ झोपेतून उपसून काढले तर तो चावतो, त्यात दुष्टपणा नाही. वरून झडप घालणारा हात त्याच्या लेखी घार असते. संध्याकाळी, तो स्वतः जागा झाल्यावर, तळहातावर दाणा ठेवून थांबले तर काही दिवसांत तो आपण होऊन हातावर चढू लागतो. कुत्र्याची माया त्याच्याकडून मिळणार नाही, हे मात्र खरेच. तो एकटा राहणारा प्राणी आहे. त्याच कारणाने दोन सोनेरी हॅमस्टर ‘जोडी’ म्हणून एका पिंजऱ्यात ठेवणे ही घोडचूक ठरते. मोठे झाल्यावर ते एकमेकांना गंभीर जखमी करतात.

मग ‘मठ्ठ’ हा शिक्का का बसला?

कारण त्याची परीक्षा नेहमी चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर हॅमस्टर निशाचर असतो या पाठ्यपुस्तकी समजुतीलाच धक्का दिला. दक्षिण तुर्कस्तानातल्या शेतांत रानटी माद्यांवर लक्ष ठेवल्यावर त्या प्रामुख्याने दिवसा, उजाडल्यानंतर आणि सूर्य मावळण्याच्या सुमारास बिळाबाहेर पडताना आढळल्या. पिंजऱ्यात मात्र हीच जात रात्री जागी असते. म्हणजे पिंजऱ्यात जे दिसते तेच या प्राण्याचे खरे रूप, असे मानता येत नाही.

चक्राचेही तसेच. गोल गोल पळणे हे बिनडोकपणाचे लक्षण मानले जाते. पण नेदरलँड्समधील लायडेन येथील संशोधकांनी मोकळ्या निसर्गात चक्र ठेवून पाहिले, तेव्हा रानातले उंदीर आपणहून येऊन त्यावर पळाले. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पळण्याची ओढ खरी असते. ती पुरी करायला दुसरे काहीच नसेल, तेव्हा प्रश्न सुरू होतो.

कोकणाला ही हुशारी नवी आहे का?

मुळीच नाही. कोकणात कृंतकांच्या बुद्धीची परीक्षा रोज होते, फक्त ती शत्रूची म्हणून. माडावर चढून कोवळी फळे पोखरणाऱ्या उंदरांनी बागायतदारांना जेरीस आणले आहे. खोडावर माणसाच्या डोक्याहून उंच गुळगुळीत पत्रा गुंडाळण्याचा उपाय त्यामुळेच रूढ झाला. विष घालणाऱ्यालाही ठाऊक असते की पहिल्याच दिवशी विषारी आमिष ठेवले तर उंदीर ते चाखून पाहतो, आणि जगला तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. म्हणून झिंक फॉस्फाइड वापरताना आधी दोन-तीन दिवस साधे, बिनविषारी आमिष ठेवण्याची शिफारस केली जाते. उंदराचा विश्वास बसला, की मग विष.

एकदाच खाऊन, काही तासांनी पोट बिघडले तरी त्या चवीशी संबंध जोडून ती कायमची टाळणे, हा शिकण्याचा प्रकार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी १९५०च्या दशकापासून उंदरांवर अभ्यासला. हॅमस्टरमध्येही तो प्रयोगांतून दिसला आहे. माडावरच्या उंदराला ‘बेरकी’ म्हणायचे आणि त्याच्याच दूरच्या भावाला पिंजऱ्यात घालून ‘मठ्ठ’ म्हणायचे, यात प्राण्यापेक्षा पाहणाऱ्याची सोय अधिक आहे. शेतातल्या उंदराला मोकळीक असते, म्हणून त्याची अक्कल दिसते. हॅमस्टरला ती दाखवायला जागाच मिळत नाही.

पिंजऱ्याचा आणि मनाचा काही संबंध दिसतो का?

दिसतो, आणि तो मोजताही आला आहे. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी सोनेरी हॅमस्टर चार वेगवेगळ्या आकारांच्या पिंजऱ्यांत ठेवले. सर्वांत लहान पिंजऱ्याचा तळ १,८०० चौरस सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याचा १०,००० चौरस सेंटिमीटर. पिंजऱ्याच्या तारा कुरतडत राहण्याची सवय सगळीकडे दिसली, पण लहान पिंजऱ्यांत ती जास्त वेळा आणि जास्त वेळ होती. दुसऱ्या प्रयोगात तळाशी भुशाचा थर १०, ४० आणि ८० सेंटिमीटर ठेवला गेला. फक्त १० सेंटिमीटर थर मिळालेल्या हॅमस्टरनी तारा अधिक कुरतडल्या आणि चक्रावरही ते अधिक पळाले. ज्यांना खोल थर मिळाला त्यांनी बीळ खणले.

तारा कुरतडणे हे दात घासणे आहे, अशी समजूत सर्रास आढळते. या प्रयोगांकडे पाहता ते बहुतेकदा कोंडी झाल्याचे लक्षण ठरते.

इंग्लंडमधील लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठातील २०१५चा प्रयोग आणखी बोलका आहे. हॅमस्टरना शिकवले गेले की एका जागी गोड पाणी मिळते आणि दुसऱ्या जागी कडू. मग नळी या दोन्हींच्या मधल्या जागांवर ठेवली. तिथे गोड मिळणार की कडू, हे सांगता येत नव्हते. पिंजऱ्यात जास्त भुसा, फळ्या, झोपाळे, कुरतडायला लाकूड असे सामान असलेल्या काळात हॅमस्टर गोड जागेच्या जवळ ठेवलेल्या नळीकडे अधिक आशेने गेले. सामान काढून घेतल्यावर ही आशा ओसरली. अगदी मधोमधच्या जागेबाबत मात्र असा फरक दिसला नाही, त्यामुळे निष्कर्ष जपूनच काढावा लागतो. तरीही एवढे स्पष्ट आहे की पिंजऱ्यातल्या परिस्थितीचा परिणाम हॅमस्टरच्या निर्णयांवर होतो. ज्याला मन नाही असे समजले जाते, त्याच्या बाबतीत हे घडायला नको होते.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा हॅमस्टरलाही लागू आहे. प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या लांबी, रुंदी, उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणे ही त्या कायद्याच्या ११व्या कलमानुसार क्रूरता ठरते. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे १० ते ५० रुपये. रत्नागिरी बसस्थानकावर इतक्या पैशांत चहा आणि वडापाव होतो.

दुकानांसाठी केंद्राने २०१८ मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यात ‘पाळीव प्राणी’ या व्याख्येत कुत्रा, मांजर, सशाबरोबर हॅमस्टरचाही नावाने उल्लेख आहे. अशा दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ग्राहकाने नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणणे, हा सर्वांत सोपा आणि बहुधा सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय आहे. घरातल्या पिंजऱ्यात मात्र कोणताही अधिकारी डोकावणार नाही. तिथे नियम पाळणारा आणि मोडणारा एकच असतो.

रत्नागिरीच्या हवेत तो कसा राहील?

हा प्रश्न विकत घेण्याआधीचा आहे. हॅमस्टर कोरड्या प्रदेशातला, जमिनीखालच्या गारव्यात राहणारा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एप्रिल-मेमध्ये पारा फार चढला नाही तरी दमटपणा अंग सोडत नाही. हॅमस्टरला माणसासारखा घाम येत नाही. उन्हाची तिरीप येणाऱ्या खिडकीत किंवा बंद गॅलरीत ठेवलेला पिंजरा त्याच्या जिवावर बेतू शकतो. वीज गेली तरी गार राहील अशी तळमजल्यावरची, हवा खेळती असलेली जागा, पिंजऱ्यात एखादी गार लादी आणि मातीचे भांडे, एवढी तयारी हवी. पावसाळ्यात भुसा ओलावतो, त्याला बुरशी धरते. तो तपासत राहावे लागते.

बाकीचे सामान महागडे नाही. भोक पाडलेली नारळाची करवंटी हे लपायला उत्तम घर. फाडलेला साधा कागद आणि वाळलेला पेंढा बीळ खणायला चालतो. कापसासारखे तंतुमय अंथरूण टाळावे, कारण त्यात पाय अडकतो आणि गिळले तर पोटात गोळा होतो. चक्र पायऱ्यांचे नको, सपाट आणि पाठ वाकणार नाही इतके मोठे हवे. दाणे वाटीत न देता भुशात विखुरले तर शोधण्याचे काम मिळते, म्हणजे ज्यासाठी त्याचा मेंदू घडला तेच काम. घरात उंदरांचा वावर असेल तर पिंजरा आणि धान्य दोन्ही त्यांच्यापासून दूर ठेवणे आवश्यक आहे. उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोचा धोका माणसाला असतो, तसा हॅमस्टरलाही असतो.

मग हॅमस्टर घ्यावा की नाही?

‘लहान प्राणी, म्हणजे लहान जबाबदारी’ हे गणित चुकीचे आहे. हॅमस्टर दोन-तीन वर्षे जगतो. शाळकरी मुलाच्या हौसेपेक्षा हा काळ बऱ्याचदा मोठा ठरतो, आणि हौस संपल्यावर पिंजरा सरकत सरकत कोपऱ्यात जातो. एवढ्याशा जिवासाठी मीटरभर लांबीची पेटी आणि वीतभराहून खोल भुसा म्हणजे अतिच झाले, असे कुणी म्हणेल. पण तो जीव विकत घ्या म्हणून कुणी आग्रह केलेला नसतो. दोन खोल्यांच्या घरात ती जागा नसेल तर हॅमस्टर न घेणे हाही प्राणिप्रेमाचाच निर्णय आहे. दुकानात मिळणारा छोटा रंगीत पिंजरा हे त्याचे घर नाही. फार तर पशुवैद्याकडे नेण्यापुरते ते साधन आहे.

हॅमस्टर हुशार आहे का, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे : तो उंदराइतका चतुर नसेल, कुत्र्याइतका जवळचा नक्कीच नाही, पण वाट, वास आणि साठा या तीन विषयांत त्याची तयारी पक्की आहे. त्याला नाव घेऊन बोलावले तर येतो का, हे पाहण्याआधी पालकांनी आणि मुलांनी मिळून एक छोटी चाचणी घेऊन पाहावी. भुशाचा थर वाढवावा, दाणे विखरावेत, एक-दोन पुठ्ठ्याच्या नळ्या ठेवाव्यात आणि आठवडाभर रोज संध्याकाळी दिवा मंद करून नुसते पाहावे. तारा कुरतडणे कमी झाले तर मठ्ठ कोण होते, हे घरातल्या घरात ठरवता येईल.